पिवळी भिंत आणि निळी भिंत

सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाला घराच्या भिंतींचा रंग निवडण्याचा प्रसंग सहसा येत नाही. बदली होते, नवे निवासस्थान मिळते, आणि त्याच्या भिंती आधीच कोणीतरी रंगवून ठेवलेल्या असतात. तो रंग बहुधा सायीसारखा असतो; कोणाच्या डोळ्यांवर न येणारा आणि कोणाला फारसा न आवडणाराही. वीस वर्षांच्या नोकरीत अशी सहा घरे झाली आणि सहाही वेळा मी तो रंग मुकाट्याने पत्करला. दिल्लीतल्या सध्याच्या घरातील एक खोली मात्र मी पदरचे पैसे घालून रंगवून घेतली, आणि त्या एका खोलीपायी मी माझ्या आईविषयी असा काही समज करून घेतला, की त्याची आठवण आजही मला सुखाने बसू देत नाही.

वडील गेल्यावर आई वाईचे घर बंद करून आमच्याकडे राहावयास आली. तिचे वय तेव्हा एक्याऐंशी. उन्हाळ्यात त्यातल्या त्यात गार राहणारी म्हणून उत्तरेकडची खोली तिला द्यावयाचे ठरले. रंग कोणता देऊ, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आपल्या माजघराला असायचा ना, तसा निळसर दे." माझ्या पत्नीचा कौल वेगळा होता. "अहो, उत्तरेची खोली आहे. तिथे निळा म्हणजे दिवसाही दिवा लावावा लागेल. फिका पिवळा द्या," असे तिने सुचविले. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेऊन निर्णय देणे हे माझे नित्याचे काम. मी आईच्या बाजूने निकाल दिला, दुकानातल्या पुठ्ठ्यावरील चौकोनांतून आकाशासारखा दिसणारा एक निळा निवडला, आणि खोली रंगवून झाली. दरवाजा आणि चौकट यांनाही त्याच कुळातला निळसर करडा रंग दिला. मला ते सगळे फार एकजीव आणि सुसंस्कृत वाटले.

पुढे हिवाळ्यात एके दिवशी आई म्हणाली, "अरे, हा राखेसारखा रंग का दिलास? मी निळा सांगितला होता." मी हसून म्हटले, "आई, हा निळाच आहे." ती गप्प बसली. आठ दिवसांनी तिने पुन्हा तेच विचारले. मग तिसऱ्यांदा. याच सुमारास ती खोलीत दार चाचपू लागली होती. एकदा चौकटीची कड तिच्या कपाळाला लागली. मी पुण्याच्या धाकट्या भावाला फोन करून सांगितले, की आईचे विस्मरण वाढते आहे. समोरची गोष्ट तिला पटत नाही आणि तेच तेच विचारते. तो गंभीर झाला. मीही झालो. भिंत निळी आहे याविषयी मात्र आम्हा दोघांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

भिंत निळी आहे, या साध्या वाक्याचा अर्थ काय, हे मी त्यानंतर शिकलो. पिवळा चांगला की निळा चांगला, असा वाद घरोघर होतो. परंतु डब्यातला रंग, खोलीतला प्रकाश, शेजारचा रंग आणि पाहणाराचा डोळा या चौघांचे मत घेतल्यावाचून तो वाद सुटत नाही.

प्रथम डब्यातला रंग. आपल्याकडे भिंतीला पिढ्यान्‌पिढ्या लागत आला तो चुना. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की फसफसतो, तापतो. हा विरलेला चुना भिंतीवर चढला, की हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड पुन्हा हळूहळू शोषून घेतो आणि त्याची परत चुनखडीच होते. म्हणजे चुन्याचा हात दिलेली भिंत ही एका अर्थी दगडाचा पातळ पापुद्रा चढविलेली भिंत होय. पण चुना अतिशय दाहक असतो आणि त्यात मिसळलेला कोणताही रंग त्याच्या तावडीतून सुटेलच असे नाही. प्रशियन ब्ल्यू नावाचा सुंदर गडद निळा चुन्यात टिकत नाही. तो विघटित होऊन त्याचा निळेपणा नाहीसा होतो. पिवडी मात्र निवांत टिकते, कारण पिवडी म्हणजे लोहयुक्त पिवळी माती. तिला चुन्याचे भय नाही. गेरूचेही तसेच. जुन्या घरांच्या भिंती पिवळ्या किंवा तांबड्या दिसतात आणि निळ्या क्वचित, याचे एक कारण माणसांच्या आवडीत नसून या रसायनात आहे.

निळा रंग स्वस्त झाला तो एकोणिसाव्या शतकात. त्यापूर्वी युरोपातील चित्रकारांचा उत्तम निळा अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून निघणाऱ्या लाजवर्द नावाच्या दगडापासून करीत, आणि तो अतिशय महाग पडे. १८२४ साली पॅरिसमधील उद्योगवर्धक संस्थेने हा रंग कृत्रिम रीतीने व स्वस्त करून दाखविणारास सहा हजार फ्रँकांचे पारितोषिक जाहीर केले, आणि १८२८ साली ते झां बाप्तिस्त गिमे या फ्रेंच रसायनज्ञास मिळाले. या कृत्रिम निळ्याला आम्ल सोसत नाही, पण चुना सोसतो. त्यामुळे तो चुन्याच्या बादलीत जाऊ शकला, तसा धुण्याच्या बादलीतही गेला. पूर्वी नीळ म्हटले की झुडपापासून काढलेली नीळ समजत. घरगुती वापरात ते नाव पुढे या कृत्रिम भुकटीकडे आले.

चुन्यात नीळ घालण्याचा मूळ हेतू भिंत निळी करणे हा नव्हे. चुना कितीही शुभ्र म्हटला तरी किंचित पिवळटच असतो. पिवळा आणि निळा हे एकमेकांचे विरोधक असल्यामुळे चिमूटभर निळीने तो पिवळटपणा मारला जातो आणि भिंत अधिक पांढरी भासते. वस्तुतः ती पूर्वीपेक्षा थोडा कमीच प्रकाश परत देत असते. परंतु डोळा त्या हिशेबात पडत नाही. धोतर-सदऱ्यांना नीळ देण्याचे तत्त्वही हेच. चिमटीची मूठ झाली तर मात्र भिंत पांढरी न राहता निळी होते. वाईला दर दिवाळीपूर्वी वडील स्वतः चुना कालवीत आणि शेवटच्या हाताच्या वेळी निळीची पुरचुंडी बादलीत हलकेच बुडवून काढीत. हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेले. पण त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा लागला.

पिवळ्याच्या कुळात एक घातक बंधूही आहे. क्रोम यलो हा तेलरंगांतला झगझगीत पिवळा म्हणजे शिसे आणि क्रोमियम यांचे संयुग. जुन्या दारे-खिडक्यांच्या पिवळ्या, केशरी, हिरव्या तेलरंगांत तो असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाला दर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तेव्हा नव्या डब्यांची मर्यादा ठरली, पण भिंतीवरचे जुने थर कोणत्याही नियमाने नाहीसे होत नाहीत. असा थर कोरडा घासून धूळ उडवणे हे घरात लहान मूल असताना फार वाईट. पाणी लावून ओला घासावा, मूल दुसरीकडे पाठवावे आणि धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. रंगारी घाईत असतो. हे त्याला आधीच बजावून ठेवणे बरे.

आता प्रकाश. आपल्या देशात उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बहुतेक काळ ऊन येत नाही, आकाशाचा उजेड येतो. तो मुळातच निळसर असतो. त्यात निळी भिंत म्हणजे थंडीत थंड पाण्याने स्नान. असा निळा हळूहळू पोलादाच्या रंगाकडे झुकतो. पिवळा त्या उजेडात किंचित हिरवट होतो, पण विझत नाही. पश्चिमेच्या खोलीत सगळा न्याय उलटा. तेथे दुपारी तीनपासून उन्हाचा सोनेरी झोत आत शिरतो. पिवळी भिंत त्यात नारिंगी होऊन अंगावर येते, आणि तीच खोली निळी असेल तर डोळ्यांना विसावा मिळतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आतल्या निळ्या भिंतीमुळे खोली खरोखर गार होते, असे समजून कोणी पैसे घालवू नयेत. पश्चिमेचा ताप कमी करावयाचा तर भिंत बाहेरून पांढरी करावी आणि खिडकीला बाहेरच्या अंगाने चटई बांधावी.

रंग किती प्रकाश परत देतो, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. चांगली पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते. फिका पिवळा ७० टक्क्यांच्या आसपास असतो. मी निवडला तसा मध्यम निळा ३५ टक्क्यांच्या जवळपास जातो. हे ऐकून वाटेल की निळी खोली पिवळीच्या निम्म्याने उजळ असणार. तसे होत नाही. खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात जो उजेड पोचतो तो एका भिंतीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर आदळत आलेला असतो, आणि प्रत्येक टप्प्यावर भिंत आपली जकात घेते. सत्तर टक्क्यांच्या भिंतींवरून तीन वेळा परतलेल्या शंभर भागांपैकी चौतीस भाग उरतात. पस्तीस टक्क्यांच्या भिंतींवरून तीन वेळा परतल्यावर चारच. आईचा पलंग नेमका त्या दूरच्या कोपऱ्यात होता.

याच कारणाने दुकानातला लहानसा चौकोन आपल्याला फसवितो. एकट्या चौकोनावर पांढरा उजेड पडतो. चार भिंती मात्र परस्परांना आपापला रंग पुरवीत राहतात आणि रंग आपोआप गडद होतो. मला आकाश वाटलेला निळा खोलीत गेल्यावर पाटीसारखा झाला, तो असा. दिव्यांची आणखी निराळी कथा. जुन्या तारेच्या बल्बचा उजेड पिवळा असे. त्यात पिवळी भिंत खुलून दिसे आणि निळी मळकी. २०१५ साली उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी दिवे घरोघर गेले. त्यांत निळसर पांढऱ्या उजेडाचे, म्हणजे दुकानदार ज्यांना साडेसहा हजार केल्विनचे म्हणतात, ते दिवे आपल्याकडे फार खपतात. त्या उजेडात आजोबांच्या काळची प्रसन्न पिवळी भिंत आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसू लागते. पुष्कळ घरांत भिंतीला दोष देऊन रंग बदलतात; खरे पाहता दिवा बदलला असता तरी भागले असते. दिवा पुष्कळ स्वस्त असतो.

तिसरा साक्षी म्हणजे शेजारी. पॅरिसच्या गोब्लँ या विख्यात गालिचा-कारखान्यात मिशेल शेव्हरल नावाचे रसायनज्ञ रंगशाळेचे प्रमुख होते. तेथल्या काळ्या धाग्याला पुरेसा जोर नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा धागा निर्दोष निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका वाटत होता. यातून त्यांनी १८३९ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना परस्परांपासून दूर ढकलतात, हे त्यातले सूत्र. पिवळा आणि निळा यांच्या बाबतीत हे ढकलणे फार जोराचे असते. निळसर हिरवा आपण कल्पू शकतो, पिवळसर तांबडा कल्पू शकतो. निळसर पिवळा मात्र कोणालाही कल्पिता येत नाही. एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या साध्या निरीक्षणावरूनच असा सिद्धांत मांडला, की आपली दृष्टी पिवळा आणि निळा ही एकाच तराजूची दोन पारडी म्हणून वापरते.

या दोन पारड्यांचे एक घर जगप्रसिद्ध आहे. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार १८८३ साली जिव्हर्नी या खेड्यात राहावयास गेला आणि १८९० साली त्याने ते घर विकत घेतले. तेथील भोजनगृह त्याने संपूर्ण पिवळे केले, तेही पिवळ्याच्या दोन छटांत. भिंती पिवळ्या, कपाटे पिवळी. त्याला लागूनच निळे स्वयंपाकघर. त्याच्या भिंतींना रूआं शहराकडच्या निळ्या-पांढऱ्या फरशा आणि तांब्याची भांडी टांगलेली. भोजनाच्या मेजावरून दारातून पाहिले की पिवळ्याच्या चौकटीत निळे दिसावे, अशी ती योजना. भोजनगृहातल्या भिंतींवर त्याने जमविलेली जपानी चित्रे आहेत, आणि त्यांतला निळाही त्या पिवळ्यावर असा उठतो की अन्य रंगाच्या भिंतीवर तो उठला नसता. १९८० पासून हे घर लोकांना पाहावयास खुले आहे. मी ते केवळ छायाचित्रांतून पाहिले आहे. तरी तेथे दोन रंगांची निवड झाली नसून दोघांची गाठ घालून दिली आहे, एवढे छायाचित्रांतूनही कळते. मी आईच्या खोलीत नेमके याच्या उलट केले होते. भिंत निळी आणि दारही निळसर. दोघांत भांडण नको म्हणून मी दोघांनाही मुके करून ठेवले.

राहिला डोळा. मी एम्. ए. ला तत्त्वज्ञान घेतले होते. आपल्या जुन्या प्रमाणशास्त्रात भ्रमाचे एक ठरीव उदाहरण येते, ते पीतशंखाचे. शंख पांढरा असतो. कावीळ झालेल्याला तो पिवळा दिसतो. दोष शंखात नसून पाहणाराच्या डोळ्यांत आहे, असा त्याचा सरळ अर्थ. ज्याला कावीळ झाली त्याला सगळे जग पिवळे दिसते, अशी आपली म्हणही आहे. काविळीचे रोगी सहसा अशी तक्रार करीत नाहीत, हा भाग निराळा. पण वार्धक्यात डोळ्यांच्या भिंगाचे जे होते त्याला हा दृष्टांत आश्चर्यकारक रीतीने लागू पडतो. भिंग वयाबरोबर पिवळे आणि पुढे तपकिरी होत जाते. पिवळी काच ज्याप्रमाणे निळा प्रकाश अडविते त्याप्रमाणे असे भिंगही निळाच प्रथम अडविते. शिवाय बाहुली आकुंचते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे नेत्रशास्त्र सांगते. हा बदल इतका सावकाश होतो की जग पिवळे झाले असे कोणाला वाटत नाही. पांढरे पांढरेच वाटते. निळा मात्र हळूहळू राखेत मिसळून जातो.

या गोष्टीचा सर्वांत प्रसिद्ध साक्षी पुन्हा मोनेच. १९१२ साली त्याला मोतीबिंदू झाल्याचे निदान झाले. रंग पूर्वीसारखे दिसत नाहीत, अशी तक्रार तो करू लागला. त्या काळातली त्याची कित्येक चित्रे तांबूस-तपकिरी झाली. १९२३ साली उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या काळी मोतीबिंदूबरोबर भिंगच काढून टाकीत आणि त्याच्या जागी काही बसवीत नसत. कृत्रिम भिंग प्रथम बसविले ते हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली. भिंग गेल्यावर मोनेला सगळे अतोनात निळे दिसू लागले आणि त्याने रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहिले. पिवळे भोजनगृह आणि निळे स्वयंपाकघर तीच होती. त्यांचा मालक मात्र काही वर्षे एका रंगाच्या जगात आणि नंतर काही काळ दुसऱ्या रंगाच्या जगात राहिला.

हे सारे मी आधी वाचले असते तर भावाला तो फोन केला नसता. कपाळाला झालेली जखम दाखवावयास आईला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी सहज तिच्या डोळ्यांत बत्ती टाकली आणि मला म्हणाले, "यांना दोन्ही डोळ्यांत पक्का मोतीबिंदू आहे. तुमच्या लक्षात कसे आले नाही?" मी काय उत्तर देणार? मी तिला निळ्याचे निळेपण पटवीत बसलो होतो.

पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर ती पलंगावर बसली होती आणि तळहाताने एकदा हा डोळा, एकदा तो डोळा झाकून भिंतीकडे पाहत होती. असे तिने पाच-सहा वेळा केले. मग म्हणाली, "अरे, हा निळाच आहे की! या डोळ्याने निळा, आणि या डोळ्याने राख." मी तिच्याजवळ बसलो. "आई, मी तुझे ऐकून घ्यायला हवे होते," असे म्हणालो. ती म्हणाली, "ते राहू दे. पण हा इतका भडक कशाला दिलास? तुझ्या बाबांचा असा नसायचा. चुना पुष्कळ आणि नीळ नावाला. मी निळसर म्हटले होते रे, निळा नव्हे."

तिला माजघराची पांढरी भिंत हवी होती. चिमूटभर निळीने अधिक पांढरी झालेली. मी त्या विशेषणाच्या शेवटच्या दोन अक्षरांकडे लक्ष दिले नव्हते, आणि तेही रोज दुसऱ्यांच्या मसुद्यांतले शब्द तपासून देणारा माणूस असताना.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी होती. तोवर रंगाला हात लावावयाचा नाही असे ठरले, कारण अर्ध्या दृष्टीने निवड करण्यात अर्थ नव्हता. या वेळी रंगारी बिहारकडचा एक वयस्क गृहस्थ मिळाला. पुस्तकांतले सारे शास्त्र त्याला एका पुठ्ठ्यात ठाऊक होते. तो म्हणाला, "साहेब, भिंतीवर नमुना लावू नका, खालचा जुना रंग त्याला बिघडवतो. दोन हात लांब पुठ्ठा घ्या, त्यावर रंगाचे दोन हात द्या, कडेने पांढरी पट्टी सोडा, आणि तो खोलीत फिरवा. सकाळी खिडकीशी, दुपारी पलंगामागे, रात्री दिव्याखाली. दोन दिवस." आम्ही असे तीन पुठ्ठे केले: पत्नीचा फिका पिवळा, माझा जुना निळा आणि चिमूटभर निळीचा पांढरा. आई प्रत्येक पुठ्ठा कोपऱ्यात ठेवून त्याच्यापुढे पेपर वाचून पाही. जुना निळा पहिल्या दिवशीच बाद झाला. पिवळा आणि पांढरा यांच्यात तिने बराच वेळ घेतला. सकाळी तिला पिवळा आवडे. संध्याकाळी दिवा लागला की पांढरा. दिवा मी मधल्या काळात पिवळसर उजेडाचा आणून बसविला होता, आणि त्याखाली पांढरी भिंतही पुरेशी उबदार दिसत होती.

अखेर भिंती पांढऱ्या झाल्या. आधीच्या रंगाचे पोपडे काढून, लांबी भरून, पांढऱ्याच्या बादलीत रंगाऱ्याने निळ्याचे अगदी थोडे थेंब टाकले. आईने स्वतः खुर्ची बादलीजवळ घेऊन किती ते सांगितले. पिवळा पत्नीने हातचा जाऊ दिला नाही. दरवाजा, चौकट आणि दिव्याच्या बटणांभोवतीची विताएवढी जागा तिने पिवळी करून घेतली. फिकी नव्हे, चांगली हळदीसारखी. पांढऱ्या भिंतीवर ती चौकट आता माझ्याही डोळ्यांत भरते. रात्री उठल्यावर आईला दार चाचपावे लागत नाही. त्याच आठवड्यात पुण्याला फोन करून मी भावाला सगळे सांगितले. तो काही वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने आईला फोनवर बोलावले, आणि ती त्याला पहिली गोष्ट सांगू लागली ती बादलीत किती थेंब टाकले त्याची.